पाच लाख दहा हजार पाचशे दहा, आणि वर एक

मला माझ्या विहिणीचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. विहीण म्हणजे माझ्या सुनेची आई. कळंबोलीची तिची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली तेव्हा सून म्हणाली, "आई दोन वर्षं आपल्याकडे राहील." मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. घर मोठं आहे. आमचं शेत नव्या शहरासाठी गेलं त्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, त्यातले शेजारशेजारचे दोन फ्लॅट एक करून आम्ही राहतो. तिला खोली दिली, कपाट दिलं, गॅलरीत खुर्ची दिली. दुपार मात्र मी दिली नव्हती. ती तिने आपण होऊन घेतली.

मुलगा आणि सून दोघं महाप्याला नोकरीला. सात वाजल्याशिवाय घरी कुणी येत नाही. नात शाळेतून दीडला येते. तिला वाढायचं आणि ती जेवताना आपण पाढे म्हणायचे, ही आमची ती बालवाडीत असल्यापासूनची रीत. मी "तेरा साते" म्हणायचं, तिने घास गिळून "एक्क्याण्णव" म्हणायचं. मी चौथी शिकले. आमच्या गावच्या शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नव्हते, आणि पुढे शिकावं असं घरात कुणाच्या डोक्यात नव्हतं. वडील मिठागरावर कामाला जायचे, मीही जायला लागले. पण तीसपर्यंतचे पाढे पक्के. एकोणीसचा मला येत नसे, म्हणून मास्तर रोज मलाच उभी करून तो म्हणायला लावत. वर्षभर रडले. मग असा आला की जातच नाही.

विहीण शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. तिला जग बाई म्हणतं. नात तिला बाईआजी म्हणते. मला नुसतं आजी.

बाईआजी आल्यावर पंधरा दिवसांत पाढे बंद झाले. नात सातवीत, तिला म्हणे आता पाढ्यांची गरज नाही, समजून घ्यायची गरज आहे. जेवण झालं की ती ताट बेसिनमध्ये टाकायची आणि टेबलाच्या त्या बाजूला, बाईआजीपाशी जाऊन बसायची. मी ओटा पुसत राहायचे. ओटा स्वच्छ असला तरी पुसायचे.

मग शाळेने एक टूम काढली. प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत एक मोठी संख्या. त्या संख्येची सगळी ओळख काढायची, ती कशाकशाने भागली जाते, तिच्यात काय विशेष आहे, आणि मोठ्या कागदावर लिहून शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं. मोबाइल नाही, कॅल्क्युलेटर नाही, सगळं हाताने. घरच्यांना बघायला यायची मुभा.

नातीला चिठ्ठी आली पाच लाख दहा हजार पाचशे दहा.

"बाईआजी, बोअर नंबर आलाय," दारातूनच ओरडत आली. चप्पल काढायच्या आधी. मी दारातच उभी होते, माझ्या बाजूने निघून गेली.

"संख्या कधी बोअर नसते," विहीण म्हणाली. ही तिची बोलायची पद्धत. "लिही मोठ्ठी. आता सुरुवात दोनने करू. क्रमाने जायचं, उड्या मारायच्या नाहीत."

मी भाकऱ्या करत होते. हात चालू होता आणि कान तिकडे. पाच, एक, शून्य, पाच, एक, शून्य. एक्कावन्न म्हटलं की तोंडात दुसरं काय येणार? सतरा त्रिक एक्कावन्न.

"सतरानं जातं ते," मी तव्यासमोरून म्हटलं.

नातीने वळून बघितलं. "कसं काय, आजी?"

"पाचशे दहा सतरानं जातात. तेच दोनदा लिवलंय. मंग सगळं जानार नाय तर काय."

तिचे डोळे मोठे झाले. ते मी बघितलं. पण विहीण म्हणाली, "अगदी बरोबर, विहीणबाई. छान. पण सतराची पाळी यायला वेळ आहे. आधी दोन, तीन, पाच."

छान म्हणाली. पहिलीतल्या मुलाला म्हणतात तसं. माझी भाकरी त्या दिवशी करपली, आणि मी ती तिलाच वाढली.

दोनने भागून झालं, तीनने झालं, पाचने, सातने, अकराने, तेराने. प्रत्येक वेळी बाकी शून्य. शेवटी उरले सतरा. नातीने पेन्सिल टाकली आणि खुर्चीवर उभी राहिली. कारण दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या सगळ्या मूळ संख्या. म्हणजे ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून कुणीच भागत नाही. पहिल्या सातच्या सात त्या एका संख्येत होत्या. एकही गाळलेली नाही, एकही दोनदा नाही. त्या सातांचा गुणाकार केला की बरोबर पाच लाख दहा हजार पाचशे दहा.

"म्हणजे हिच्यापेक्षा लहान कुठल्याच नंबरमध्ये सात वेगवेगळ्या बसणार नाहीत?" नातीने विचारलं.

"बघ, आलं की नाही तुझं तुला!" विहिणीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी तिच्या गळ्यात पडली. माझ्या हाताला पीठ होतं. नसतं तरी मला कोण बोलावत होतं.

दुसऱ्या दिवशी या संख्येचे भाजक किती, ते मोजायचं होतं. विहिणीने काय करावं? पोरीला घेऊन हॉलमधल्या लाइटच्या बोर्डासमोर उभी राहिली. आमच्या बोर्डावर सात बटणं आहेत. "प्रत्येक बटण एक मूळ संख्या," म्हणाली. "चालू केलं की ती घेतली, बंद केलं की सोडली. जी चालू असतील त्यांचा गुणाकार, तो एक भाजक. एका बटणाचे दोन प्रकार, दोन बटणांचे चार, तीनचे आठ." असं करत सातला एकशे अठ्ठावीस झाले. सगळी बंद म्हणजे एक. सगळी चालू म्हणजे ती संख्या स्वतः. मग दोघी खटाखट बटणं दाबत आणि हसत उभ्या. पंखा चालू, बंद. ट्यूब चालू, बंद.

"बटनं खराब होतील," मी म्हटलं. "बोर्ड नवीन बसवलाय."

"आजी, दोन मिनिटं फक्त!"

"इथं कोन राहतं दोन मिनिटं. अर्धा तास झाला."

विहीण लगेच म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. चल, कागदावर करू." आणि मी वाईट झाले.

सगळ्यात जास्त लागलं ते तिसऱ्या दिवशी. पोरीने सात संख्यांच्या दोन टीम पाडायचा खेळ काढला होता, कबड्डीला पाडतात तशा. दोन्ही टीमचे गुणाकार जितके जवळ आणता येतील तितके आणायचे. एकटीच आपल्या खोलीत बसून करत होती. आणि तिला सापडलं. एका बाजूला दोन, तीन, सात, सतरा, त्यांचा गुणाकार सातशे चौदा. दुसऱ्या बाजूला पाच, अकरा, तेरा, त्यांचा सातशे पंधरा. एकाचा फरक! आणि वर गंमत अशी की दोन्ही बाजूंची बेरीज केली तर इकडेही एकोणतीस आणि तिकडेही एकोणतीस. हे तिचं तिने काढलेलं. कुणी शिकवलेलं नाही.

ती कागद घेऊन पळत बाहेर आली. मी हॉलमध्ये गवारीच्या शेंगा मोडत बसले होते, समोरच. विहीण आतल्या खोलीत आडवी झाली होती. पोरगी माझ्यासमोरून पळत गेली आणि तिला उठवून दाखवलं.

मी शेंगा मोडत राहिले. नंतर मला दाखवायला आली, पण तेव्हा ते शिळं झालं होतं. "बरंय," एवढंच मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. पडू दे म्हटलं.

त्याच संध्याकाळी विहिणीने शेवटची गोष्ट सांगितली. "आता या संख्येत एक मिळव. पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. हिला दोनने भाग, बाकी एक. तीनने भाग, बाकी एक. सातही जणांनी भागून बघ, प्रत्येक वेळी एक उरणार. कुणाचाच भाग जाणार नाही. म्हणजे ही नवीन मूळ संख्या."

"नेहमी असं होतं?" पोरीने विचारलं.

"बघ ना. दोन आणि तीनचा गुणाकार सहा, मिळव एक, सात. मूळ. पुढे पाचने गुण, तीस, मिळव एक, एकतीस. मूळ. पुढे दोनशे अकरा, मूळ. पुढे तेवीसशे अकरा, तीही मूळ. मी स्वतः भागून बघितलंय, वर्गात मुलांकडून करून घेतलंय."

पोरीने सुरेख अक्षरात लिहिलं: एक मिळवला की हिला कुणीच भागू शकत नाही.

मला झोप कमीच लागते. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले, विहीण आंघोळीला गेली, आणि मी ते वाक्य पुन्हा वाचलं. कुणीच? सात जणांनी नाही भागलं, हे समजलं. पण त्या सातच्या बाहेरही संख्या आहेत की. मला तीसपर्यंत पाढे येतात. गणिताच्या प्रेमाने मी कागद घेतला असं कुणी समजू नये. तिची चूक सापडावी म्हणून घेतला.

कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या बाजूला लिहिलं. सतराच्या पुढची मूळ संख्या एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस, एक्कावन्नातून गेले, उरले तेरा. वरचं शून्य घेतलं, एकशे तीस. एकोणीस सक चौदोत्तरसे, उरले सोळा. पाच घेतले, एकशे पासष्ट. एकोणीस आठे बावन्नासे, उरले तेरा. एक घेतला, एकशे एकतीस. पुन्हा एकोणीस सक, उरले सतरा. शेवटचा एक घेतला. एकशे एक्काहत्तर.

एकोणीस नवे एक्काहत्तरासे.

बाकी शून्य. मी पुन्हा केलं. पुन्हा शून्य. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर वेळा जात होतं. बाथरूममध्ये बादलीत पाणी पडत होतं आणि मी एकटी हसत होते.

तो मंगळवार होता. पोरगी दीडला आली, मी वाढलं, ती जेवली. सांगायला एक वाक्य लागलं असतं. नाही सांगितलं. बुधवारीही नाही. गुरुवारी दोघींनी मिळून मोठा कागद रंगवला, ते वाक्य लाल रंगात, सगळ्यात वर. मी चहा करून दिला. तेव्हाही नाही. मला ते घरात, तिघींत नको होतं. घरात सांगितलं असतं तर बाई "छान, विहीणबाई" म्हणाली असती आणि खोडरबर फिरवला असता. मला ते तिच्या तोंडावर, दहा माणसांत हवं होतं.

कागदाखाली नाव पोरीचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही असंही नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

शनिवारी मी जरीकाठाची साडी नेसले. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला कागद लावलेले, प्रत्येकापुढे एक मूल. तपासायला बाहेरच्या कॉलेजातल्या एक तरुण बाई आल्या होत्या. आमच्या कागदापुढे थांबल्या. सात मूळ संख्या ऐकल्या, बटणांची युक्ती ऐकली. सातशे चौदा आणि सातशे पंधरा ऐकल्यावर म्हणाल्या, "हे तुझं तू शोधलंस? फारच सुंदर." पोरगी अर्धा फूट उंच झाली. मग त्यांनी लाल वाक्यावर बोट ठेवलं.

"हे भागून बघितलंस?"

"हो, सातही जणांनी."

"आणि त्याच्या पुढे?"

पोरीने मागे बघितलं. "बाईआजीने सांगितलं की…"

"त्यांनी सांगितलं ते ठीक आहे. मी विचारतेय, तू बघितलंस का?"

पोरीचे कान लाल झाले. हीच वेळ. मी चार दिवस हिचीच वाट बघत होते.

"एकोनीसनं जातं ते," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. "सव्वीस हजार आठशे एकोनसत्तर वेळा."

सगळे वळले. शेजारच्या मुलाची आईसुद्धा वळली. विहिणीने डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्या हाताच्या बोटाने भागाकार केला, ओठ हलत होते. मग मान वर केली आणि त्या तरुण बाईंना म्हणाली, "माझी चूक आहे. मुलीची नाही. तेवीसशे अकराच्या पुढे मी कधी बघितलंच नव्हतं आणि इतकी वर्षं वर्गात ठोकून सांगितलं. तिचे गुण कापू नका."

बस. मान खाली घातली नाही, सारवासारव केली नाही. मला जे बघायचं होतं ते दिसलंच नाही.

दिसलं ते दुसरंच. पोरगी माझ्याकडे बघत होती.

"आजी, तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, मनातल्या मनात केलं, असं म्हणता आलं असतं. पण आकडा मी पाठ केल्यासारखा फेकला होता, आणि पोरगी हुशार आहे. "मंगळवारी," मी म्हटलं.

"कागद आपण गुरुवारी केला."

मी साडीचा काठ नीट करत राहिले.

येताना रिक्षात ती मध्ये न बसता कडेला बसली, विहिणीच्या पलीकडे. कागदाची सुरळी पायांत धरलेली. विहीण माझ्या अंगाला अंग लावून बसलेली, दुसरी जागाच नव्हती. सिग्नलला ती हळूच म्हणाली, "मला तरी सांगायचं, विहीणबाई."

"तुमालाच सांगायचं नव्हतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू उत्तर बरोबर आलं.

घरी आल्यावर पोरीने कपडे बदलले नाहीत, जेवली नाही. माझ्यासमोर उभी राहिली.

"का नाही सांगितलंस?"

"तू तिच्यापाशी बसतेस. मला ते बघवत नाय."

"मग तू पण बसायचं ना!"

"मला कुनी बोलावलं?"

"तुला कोण बोलावणार? घर तुझं आहे. टेबल तुझं आहे. तू ओटा पुसत बसतेस, मला वाटतं तुला हे सगळं फालतू वाटतं. मी टीमवालं दाखवलं तर म्हणालीस बरंय." तिचा आवाज चिरला. "तिला हरवायला तू मला तिथे उभं केलंस."

विहीण दारात होती. मध्ये पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

पोरीने नाक पुसलं, वही आणली, टेबलावर आपटली. "मॅडमनी सोमवारपर्यंत दुरुस्त करून आणायला सांगितलंय. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तरचे पण तुकडे पडतात का ते बघायचंय. दोघी बसा. एक नंबर तिने, एक तू. मी बाकी तपासणार. पहिला बाईआजीचा."

अर्थातच पहिला बाईआजीचा.

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तेवीस तिला, एकोणतीस मला. तेवीसची बाकी पाच, एकोणतीसची पंधरा. एकतीस तिला. मग सदतीस माझ्याकडे आले आणि माझे पाढे संपले होते. मी अंदाजाने आकडे घालून खोडत बसले. विहिणीने कागदाच्या कडेला आपल्या आकड्याच्या एक ते नऊपटी आधीच बेरीज करून लिहिल्या होत्या. तिने तो कागद माझ्याकडे चार बोटं सरकवला. मी बघितला आणि तसंच करायला लागले. आभार मानले नाहीत.

एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. चहा झाला. एकसष्ट, सदुसष्ट. कुणाचीच बाकी शून्य येईना. तिच्या पाळीला माझा हात थांबायचा, तिची शून्य येऊ नये असं वाटायचं. एकोणनव्वद माझ्या वाट्याला, बाकी ऐंशी. सत्त्याण्णव तिच्याकडे.

"गेला," विहीण म्हणाली.

तिच्याच पाळीला. दोनशे सत्याहत्तर वेळा. पोरीने टेबलावर थाप मारली आणि तिच्या हातावर टाळी दिली. मला जो हेवा वाटायचा तो वाटलाच. त्यापुढे वयाचा उपयोग नसतो.

"आता दोनशे सत्याहत्तर मूळ आहे का बघायचं," पोरगी म्हणाली. "सोळापर्यंत बघितलं की पुरे, सतरा सतरे दोनशे एकोणनव्वद होतात, म्हणजे पुढे गेले. हे आजी करेल, पाढ्यातलं आहे."

मी केलं. दोन, तीन, पाच नाही. सातने बाकी चार, अकराने दोन, तेराने चार. "नाय जात."

"नक्की?"

"केलं ना आता."

"पुन्हा कर. माझ्यासमोर."

ती खुर्ची ओढत टेबलाच्या या बाजूला आली आणि माझ्या कोपराला कोपर लावून बसली. मायेने नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला. माझा प्रत्येक आकडा ती बोटाने तपासत होती, आणि विहीण पलीकडे एकटी, थंड झालेला चहा घेऊन बसली होती. मला बरं वाटलं. मी सातपासून पुन्हा सुरुवात केली, सावकाश.